शेवटच्या खांबाचा हिशेब

विजेच्या बाबतीत पालघर जिल्हा कधीच गरीब नव्हता. तारापूरचे अणुवीज केंद्र इथे १९६९ पासून उभे आहे. डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवत आले, आणि ती वीज वसई तालुका ओलांडूनच मुंबईकडे गेली. तरीही २००५ नंतरच्या सात-आठ वर्षांत राज्यभर भारनियमन सुरू होते, तेव्हा वसईच्या खाडीच्या दक्षिणेला दिवे होते आणि उत्तरेला अंधार होता. मुंबईकडे स्वतःच्या वीज कंपन्या होत्या, स्वतःची निर्मिती होती आणि राज्याच्या जाळ्यातून वेळीच अलग होण्याची यंत्रणाही होती. वसई तालुक्यातली विरार, आगाशी, अर्नाळा ही ठिकाणे मात्र राज्याच्या महावितरण कंपनीच्या वाहिन्यांवर अवलंबून होती, आणि अर्नाळा तर समुद्राने अडवलेले, वाहिनीच्या अगदी टोकाचे गाव. विकसनशील देशांतल्या वीजटंचाईवर आंतरराष्ट्रीय वित्तसंस्था जेव्हा उपाय सुचवतात, तेव्हा बहुधा निर्मितीपासून सुरुवात करतात: अमुक मेगावॉटची तूट, तमुक अब्ज डॉलरची गरज. पालघरचा अनुभव सांगतो की टंचाई जिथे जाणवते तिथे ती मोजलीच जात नाही, आणि पैसा जिथे सहज खर्च करता येतो तिथे टंचाई नसते. परकीय मदत घ्यावी की घेऊ नये हा वाद जुना आहे आणि बऱ्याच अंशी निरर्थकही आहे. मदतीचे मोजमाप कुठल्या टोकाला करायचे, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते ते वीज केंद्राच्या दारात न करता अर्नाळ्यासारख्या गावातल्या शेवटच्या खांबावर केले पाहिजे.

तारापूरपासूनच सुरुवात करू, कारण परकीय मदतीतून काय मिळते आणि काय द्यावे लागते याचा पहिला धडा याच जिल्ह्यात गिरवला गेला. १९६३ च्या भारत-अमेरिका करारानुसार तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या. अमेरिकेने सुमारे ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले. मुदत लांबलचक होती आणि व्याज नाममात्र होते. यंत्रे जनरल इलेक्ट्रिकची होती, बांधकामाचा आराखडा बेक्टेलचा. कागदावर यापेक्षा उदार मदत शोधून सापडली नसती, आणि इथून निघालेली वीज पुढे कित्येक वर्षे देशातल्या स्वस्त विजेत गणली गेली, हेही खरे आहे. पण करारात एक अट होती. या भट्ट्यांचे समृद्ध युरेनियम तीस वर्षे अमेरिकेकडूनच घ्यायचे होते. १९७४ मध्ये पोखरणची अणुचाचणी झाली, १९७८ मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारबंदीचा कायदा केला आणि इंधनाचा पुरवठा आधी अडखळला, मग थांबला. हाती असलेले इंधन पुरवून वापरण्यासाठी भट्ट्या कमी क्षमतेवर चालवाव्या लागल्या. १९८२ मध्ये फ्रान्सने तो भार उचलला, नंतर चीन आणि रशियाकडूनही इंधन आले. पोखरणबाबत कोणाची बाजू योग्य होती, हा वेगळा विषय. इथे घ्यायचा बोध साधा आहे. कर्ज स्वस्त असले तरी त्यातून उभे राहिलेले यंत्र ज्याच्या इंधनावर चालते, त्याच्या राजकारणाशी आपली वीज बांधली जाते. याच तारापूरला पुढे २००५ आणि २००६ मध्ये ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या सुरू झाल्या, त्या देशी आराखड्याच्या होत्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, म्हणजे स्थानिकांनी मोजलेली किंमत काही कमी झाली नाही. पण वॉशिंग्टनमधल्या एखाद्या कायद्याने त्या भट्ट्यांचे इंधन अडण्याची भीती मात्र उरली नाही.

दुसरा धडा दाभोळचा, आणि तो अधिक महाग पडला. १९९१ च्या आर्थिक संकटानंतर केंद्र सरकारने वीजनिर्मिती परकीय भांडवलाला खुली केली. जून १९९२ मध्ये अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी प्राथमिक समझोता झाला, डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने खरेदी करारावर सही केली. गुहागर तालुक्यात अंजनवेलजवळ दोन टप्प्यांत मिळून दोन हजार मेगावॉटहून मोठा प्रकल्प उभा राहायचा होता. जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या तारापूरच्याच दोन कंपन्या इथे भागीदार होत्या. जागतिक बँकेने १९९३ मध्येच या प्रकल्पाला पैसा द्यायला नकार दिला होता, हे आज अनेकांना आठवत नाही. राज्याच्या मागणीच्या मानाने केंद्र फार मोठे आहे, आयात वायूवरची वीज महाग पडेल आणि ती घ्यावी लागल्याने कोळशावरची स्वस्त वीज बंद ठेवावी लागेल, असे बँकेचे म्हणणे होते. तरीही पैसा उभा राहिला, कारण अमेरिकेच्या निर्यात बँकेने आणि तिथल्या सरकारी गुंतवणूक संस्थेने आधार दिला, जपानी पैसा आला आणि आपल्याच सरकारी बँकांनी मोठा वाटा उचलला. आपल्या देशातली यंत्रे विकली जावीत हा निर्यात बँकेचा हेतू असतो, आणि तो ती लपवतही नाही. घेणाऱ्याला त्या यंत्रांची गरज आहे का, हे तपासणे तिचे काम नाही. ते आपले काम होते. विरोधी पक्ष, पुण्याच्या प्रयाससारख्या संस्था आणि वीज मंडळातले जाणकार हे प्रश्न विचारत होते, पण करार लोकांपुढे ठेवला गेला नाही. १९९५ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला आणि काही महिन्यांत वाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. घेतलेल्या विजेचे पैसे वेगळे आणि क्षमतेचे पैसे वेगळे, आणि क्षमतेचे पैसे वीज घेतली नाही तरी द्यायचे. हिशेब डॉलरशी बांधलेला. करारावर सही झाली तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००० च्या अखेरीस तो ४६ रुपयांच्या पुढे गेला. तोवर इंधन म्हणून वापरला जाणारा नाफ्था महागला, मंडळ कमी वीज घेऊ लागले आणि काही महिन्यांत युनिटची किंमत ७ रुपयांच्या वर गेली. मंडळाने पैसे थकवल्यावर २००१ च्या सुरुवातीला कंपनीने सरकारने पैशांसाठी दिलेली प्रतिहमी पुढे केली आणि मे महिन्यात केंद्र बंद पडले. वर्षअखेरीस एन्रॉनच दिवाळखोर झाली.

दाभोळ बंद पडले म्हणूनच पुढे टंचाई आली, असे आजही सांगितले जाते. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, पण त्याचा निष्कर्ष उलटा काढावा लागतो. दोन हजार मेगावॉट येणारच आहेत, या विश्वासावर राज्याने नव्वदच्या दशकात दुसरी निर्मिती पुरेशी हाती घेतली नाही. एकाच मोठ्या कराराने बाकीचे बरेच पर्याय रोखून धरले, आणि तो कोसळल्यावर हाती पुरेसे काही उरले नाही. २००५ ते २००९ या काळात मागणी आणि पुरवठा यांतली दरी साडेचार-पाच हजार मेगावॉटवर गेली. ग्रामीण भागात बारा-बारा तास वीज नव्हती. पण त्याच काळात आणखी एक गोष्ट उघड झाली आणि माझ्या दृष्टीने ती दाभोळपेक्षाही महत्त्वाची आहे. राज्य वीज नियामक आयोग स्थापन होईपर्यंत मंडळ आपली गळती पंधरा-अठरा टक्के सांगत असे. आयोगाने कृषिपंपांच्या वापराचे आकडे तपासायला घेतल्यावर गळती ३० टक्क्यांच्या वर निघाली. मीटर नसलेल्या पंपांच्या नावावर चोरी, आकडे टाकून घेतलेली वीज, जुन्या वाहिन्यांत वाया जाणारी वीज आणि न दिलेली बिले, असे सगळे एकत्र मांडले जात होते. तयार होणाऱ्या तीन युनिटांतल्या जवळजवळ एका युनिटाचा पैसा मिळत नव्हता, आणि ते नेमके कुठे जाते हे कोणाला सांगता येत नव्हते. अशा व्यवस्थेत आणखी केंद्रे उभारणे म्हणजे पाटाला जागोजाग भगदाडे असताना विहिरीवर मोठा पंप बसवणे. आगाशी-अर्नाळ्याच्या वाड्यांमध्ये असला वेडेपणा कोणी करणार नाही. राज्यांच्या आणि बँकांच्या पातळीवर मात्र तो धोरण म्हणून केला गेला.

ही गोष्ट उशिरा का होईना, कळल्यावर काय घडले हेही पाहायला हवे. २००५ नंतर आयोगाच्या आदेशाने, मंडळाच्या जागी आलेल्या महावितरणने आपले भाग वितरण हानी आणि वसुली यांनुसार गटांत विभागले. गळती कमी आणि वसुली चांगली, त्या भागात भारनियमन कमी. जास्त गळतीच्या गटात तास जास्त. २००६ मध्ये पुण्यात उद्योगांची स्वतःची जनित्रे वापरून आणि थोडा जादा आकार घेऊन भारनियमन थांबवण्याचा प्रयोग झाला. गावठाणाच्या वाहिन्या शेतीच्या वाहिन्यांपासून वेगळ्या केल्या गेल्या. डिसेंबर २०१२ च्या सुमारास राज्याचा मोठा भाग भारनियमनातून बाहेर आला. त्यात नव्या केंद्रांचा वाटा मोठा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण मोजणीला सुरुवात झाल्याशिवाय ती केंद्रे पुरली नसती, हेही तितकेच खरे. गटवारीची पद्धत अन्यायकारकही होती. शेजाऱ्याने आकडा टाकला म्हणून बिल भरणाऱ्याच्या घरातही अंधार होत असे. अन्यायाचे कारण एवढेच की मोजणी पुरेशी खोल गेली नव्हती. ती वाहिनीपाशी थांबली होती, रोहित्रापर्यंत, म्हणजे लोक ज्याला डीपी म्हणतात तिथपर्यंत, पोचलीच नव्हती.

आज राज्याच्या कागदावर तूट नाही. मग अर्नाळ्यात टंचाई कशाला म्हणायची? टोकाच्या गावात टंचाईचे रूप बदललेले असते. केंद्रात वीज असते, उपकेंद्रात असते, ११ केव्हीच्या वाहिनीवरही असते, पण घरात नसते. किनाऱ्यावरचा खारा वारा तारा कुरतडतो आणि इन्सुलेटरवर मिठाचा थर बसवतो. पहिल्या पावसात तो थर ओला झाला की वाहिनी ट्रिप होते. सुरूची झाडे आणि माडाच्या झावळ्या तारांवर पडतात. पर्यटनाने वाढलेला भार जुन्या डीपीवर येतो, दाब घसरतो आणि वाडीतल्या पंपाची मोटार जळते. मासेमारीच्या गावात विजेचा प्रश्न हा बर्फाचा प्रश्न असतो. बोंबलासारखी पाणीदार मासळी बर्फाविना टिकत नाही. बर्फाचा कारखाना डिझेलवर चालवावा लागला की ती किंमत बर्फाच्या लादीवर आणि लादीवरून बोटीच्या खर्चावर चढते. कुठल्याही राज्याच्या तुटीच्या आकड्यात हा खर्च येत नाही, कारण ती वीज मागितलीच गेली नाही असे समजले जाते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात वसई-विरारचे कित्येक भाग दिवस-दिवस अंधारात राहिले. तेव्हा वीज तयार करणारी केंद्रे चालू होती. खांब पडले होते, तारा तुटल्या होत्या आणि दुरुस्तीची माणसे कमी होती. म्हणजे तुटवडा मेगावॉटचा नव्हता. तुटवडा खांबांचा, तारांचा आणि वायरमनचा होता.

मग वित्तसंस्थांना केंद्रे का आवडतात? याचे उत्तर कटकारस्थानात शोधायची गरज नाही, ते कामाच्या पद्धतीत आहे. एका केंद्रासाठी एक करार, एक ठेकेदार, एक पर्यावरण अहवाल आणि मोठी रक्कम एका सहीत सुटते. शंभर गावांतले डीपी बदलायचे, जुन्या तारा काढायच्या आणि मीटर बसवायचे तर शेकडो निविदा, शेकडो ठेकेदार आणि वर्षानुवर्षे देखरेख लागते. कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याचे यश वर्षाला किती कर्ज मंजूर झाले यावर मोजले जात असेल, तर तो केंद्रच निवडणार. कर्ज घेणाऱ्या मंत्र्यालाही फीत कापायला केंद्र लागते. बदललेल्या इन्सुलेटरचे उद्घाटन कोणी करत नाही. दोन्ही बाजूंचे हित एकाच दिशेला असल्याने शेवटच्या खांबाची बाजू मांडणारा टेबलावर कोणी उरत नाही.

हे केवळ महाराष्ट्रात घडले असते तर त्याला आपला गलथानपणा म्हणता आले असते. दक्षिण आफ्रिकेला एप्रिल २०१० मध्ये जागतिक बँकेने मेडुपी या प्रचंड कोळसा केंद्रासाठी ३.७५ अब्ज डॉलरचे कर्ज दिले. केंद्र रखडले, खर्च वाढला, आणि २०२३ मध्ये तो देश वर्षातले बहुतेक दिवस भारनियमनात होता. मधल्या काळात जुन्या केंद्रांची देखभाल आणि सरकारी वीज कंपनीचा कारभार, दोन्ही ढासळले होते. पाकिस्तानने १९९४ च्या वीज धोरणातून खासगी केंद्रांना दाभोळच्याच धर्तीवर क्षमतेच्या पैशांची हमी दिली. क्षमता आली, पण वितरण कंपन्यांची वसुली सुधारली नाही, म्हणून थकबाकीचे चक्र आजही त्या देशाच्या मानेवर आहे. श्रीलंकेत मार्च २०२२ च्या अखेरीस दिवसाला १३ तास वीज नव्हती. केंद्रे होती, पण तेल-कोळसा आणायला डॉलर नव्हते. या तिन्ही उदाहरणांत पैसा आला आणि यंत्रेही आली. बिघाड यंत्राच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाला होता. याउलट व्हिएतनाममध्ये जागतिक बँकेच्या मदतीचा मोठा भाग गावोगावच्या वितरणावर खर्च झाला आणि गावांनीही आपला वाटा उचलला. नव्वदच्या दशकाच्या उंबरठ्यावर त्या देशातली बहुसंख्य ग्रामीण घरे अंधारात होती. वीस वर्षांत ९५ टक्क्यांहून अधिक ग्रामीण घरांत वीज पोचली. मदत निरुपयोगी असते हे मत त्या उदाहरणापुढे टिकत नाही. मदत कुठे पडते, यावर सगळे अवलंबून आहे.

इथे पहिला आक्षेप येईल तो असा की गरीब देशाला केंद्रांसाठी भांडवल लागते आणि ते बाहेरूनच येते. महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास याला साक्षी आहे. ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्राला १९५४ मध्ये जागतिक बँकेचे कर्ज मिळाले होते, कोयनेलाही मिळाले. त्या कर्जांनी राज्याच्या उद्योगाचा पाया घातला. हा आक्षेप मान्य आहे. कोयनेच्या धरणग्रस्तांना तिची किंमत पिढ्यान् पिढ्या मोजावी लागली हे विसरायचे नाही, तरी वीज म्हणून कोयना यशस्वी ठरली. पण ती का यशस्वी ठरली? तिचे इंधन पाणी होते, ते डॉलरमध्ये विकत घ्यायचे नव्हते. केंद्र सार्वजनिक मालकीचे होते, वीज घेतली नाही तरी तिचे पैसे द्यायचा कोणताही करार नव्हता. शिवाय तेव्हा वीजच मुळात कमी होती, म्हणून निर्मितीतला प्रत्येक रुपया उपयोगी पडला. आजची परिस्थिती तशी नाही. सौर पॅनेल स्वस्त झाले आहेत, देशातल्या बँका आणि रोखे बाजार मोठ्या प्रकल्पांना पैसा देऊ शकतात, आणि खासगी गुंतवणूकदार निर्मितीत स्वतःहून रांगा लावून उभे आहेत. ज्या कामाला बाजार आपणहून पैसा देतो, त्यासाठी सवलतीचे परकीय कर्ज वापरणे म्हणजे त्याचा अपव्यय. जिथे नफा दिसत नाही म्हणून कोणीच जात नाही, तिथेच ते वापरले पाहिजे.

दुसरा आक्षेप डावीकडून येतो आणि तोही गंभीर आहे. वितरणासाठी परकीय पैसा आला की मागोमाग अटी येतात. दर वाढवा, अनुदान काढा, खासगीकरण करा. दाभोळनंतर असा संशय घेणाऱ्याला दोष देता येणार नाही. पण मोजमाप आणि दरवाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची सरमिसळ दोन्ही बाजूंनी सोयीस्करपणे केली आहे. शेतकऱ्याला वीज स्वस्त द्यायची की मोफत, हा निवडून आलेल्या सरकारचा अधिकार आहे. २००४ च्या निवडणुकीआधी ती मोफत झाली, २००५ मध्ये ती घोषणा मागे घेतली गेली, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना पुन्हा मोफत मिळाली. त्यावर मतभेद असू शकतात. पण मोफत दिलेली वीजही मोजता येते, आणि ती मोजली तरच अनुदानाची रक्कम खरी किती आणि चोरीवर पांघरूण किती हे कळते. न मोजलेल्या विजेने गरीब शेतकऱ्याचे भले होत नाही. त्याच्या नावावर दुसऱ्याचीच गळती लपते, आणि त्याच्या वाटेला दिवसाआड, रात्री-अपरात्री आणि कमी दाबाची वीज येते. घराघरांत प्रीपेड मीटर बसवण्याच्या योजनेला २०२४ मध्ये राज्यात जो विरोध झाला, त्यामागेही हाच अविश्वास होता. लोकांचे म्हणणे रास्त होते. मोजणी ग्राहकाच्या दारापासून का सुरू करता? आधी वाहिनी मोजा, मग प्रत्येक डीपी मोजा, आणि ते आकडे आमच्यापुढे ठेवा. कंपनीचा स्वतःचा हिशेब लोकांना दिसला की ग्राहकाचा हिशेब मागण्याचा अधिकार कंपनीला आपोआप मिळेल.

तिसरा मुद्दा चलनाचा आहे आणि तो सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोचतो. २००५ पासून राज्यांना मिळणारी परकीय कर्जे केंद्र सरकार मूळ अटींसहित राज्यांकडे सोपवते, म्हणजे डॉलरच्या चढउताराचा धोका राज्यावर येतो. २००५ मध्ये डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता, २०२५ मध्ये तो ८५ च्या पुढे गेला. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या कर्जाची मुद्दल रुपयांत जवळजवळ दुप्पट झाली. महावितरणची सगळी कमाई रुपयांत होते. अर्नाळ्याच्या मासळीविक्रेत्या बाईचे बिल डॉलरमध्ये येत नाही, पण कर्जफेड डॉलरमध्ये होते, आणि त्यातला फरक शेवटी त्याच बिलाच्या कुठल्यातरी आकारात किंवा राज्याच्या तिजोरीत येऊन पडतो. व्याज कमी म्हणून कर्ज स्वस्त, असे सांगणाऱ्यांनी हा फरक मिळवून पुन्हा हिशेब करावा.

चांगली मदत कशी असते याचे नमुने राज्यातच आहेत. चक्रीवादळांचा धोका कमी करण्यासाठी २०१५ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने जो राष्ट्रीय प्रकल्प मंजूर झाला, त्यात महाराष्ट्र होता, आणि अलिबागमध्ये वीजवाहिन्या भूमिगत करण्याचे काम त्यातून हाती घेतले गेले. २०२० मध्ये आशियाई विकास बँकेने राज्यातल्या ग्रामीण भागात उच्चदाब वितरण व्यवस्थेसाठी ३४ कोटी ६० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. अनेक पंपांना मिळून एक मोठे रोहित्र देण्याऐवजी एका-दोन पंपांना छोटे रोहित्र, म्हणजे लघुदाबाची लांब तार नाही, आकडा टाकायला जागा नाही आणि दाबही स्थिर. दोन्ही कामे दिसायला छोटी, वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर न येणारी आहेत. पण ती रोगाच्या जागी पोचतात. त्यांच्यात एकच उणीव आहे. खर्च किती झाला आणि किती किलोमीटर तार टाकली याचे अहवाल निघतात, पण त्या तारेच्या टोकाला वर्षभरात किती तास वीज होती, हे त्या गावाला सांगितले जात नाही.

म्हणून वीज क्षेत्रासाठी पुढचे कोणतेही परकीय कर्ज घेताना राज्याने चार अटी स्वतःहून घालाव्यात. पहिली, सवलतीचा पैसा उपकेंद्र, वाहिनी, डीपी आणि दुरुस्तीची माणसे यांवरच खर्च व्हावा. निर्मितीला बाजारातून पैसा घ्यावा. दुसरी, कर्जाचा हप्ता तार टाकल्यावर न मिळता, वीज टिकल्यावर मिळावा. प्रत्येक डीपीवर मीटर, महिन्याला किती तास वीज गेली, दाब किती वेळा घसरला, आत किती युनिट गेले आणि बिलात किती आले, हे चार आकडे ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागावेत आणि पुढचा हप्ता त्यांवर ठरावा. तिसरी, चलनाचा धोका कर्ज देणाऱ्याने किंवा केंद्र सरकारने उचलावा, नाहीतर कर्ज रुपयांत असावे. चौथी, वीज घेतली नाही तरी पैसे देण्याची हमी असणारा कोणताही करार सहीच्या आधी विधिमंडळापुढे आणि लोकांपुढे ठेवावा. दाभोळचा करार १९९३ मध्ये उघड झाला असता, तर जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी काढलेल्या उणिवा मुंबईच्या अर्थतज्ज्ञांनीही काढल्या असत्या.

याला व्यवहारी माणूस म्हणेल की बँका असल्या बारीकसारीक अटी मान्य करणार नाहीत, एवढ्या डीपींचे मोजमाप करायला माणसे कुठून आणायची. पहिल्या शंकेचे उत्तर हे की निकालावर हप्ता देण्याची पद्धत या बँकांनी स्वतःच आणली आहे. विजेत ती मागणे हे त्यांच्याच तत्त्वाचे पालन आहे. दुसऱ्या शंकेचे उत्तर असे की माणसांचा हा खर्च केंद्राच्या खर्चापुढे अगदी छोटा आहे, आणि मुख्य म्हणजे तो गावातच राहतो. वायरमन, मीटर तपासणारा, खांबावर चढणारा ही नोकरी वसई तालुक्यातल्या मुलालाच मिळते. पावणेतीन कोटींहून अधिक ग्राहक असलेल्या कंपनीला टोकाची खबर ठेवता येत नसेल, तर आणखी मेगावॉट उभारून ती कुशल होणार नाही. वीज खंडित झाल्यावर ठरलेल्या वेळेत ती परत न आल्यास भरपाई मागण्याची तरतूद नियामक आयोगाच्या नियमांत आहेच. ग्राहकाला खंडाची वेळ कागदावर मिळाली तरच तो ती मागू शकेल.

टंचाईग्रस्त देशाला मदत करायची असेल, तर त्याला किती मेगावॉट हवेत हे विचारण्याआधी, आहेत ते कुठे जातात हे विचारा. पालघरचे आमदार, खासदार आणि जिल्हा परिषद यांनी राज्य सरकारकडे पहिली मागणी नव्या केंद्राची न करता या हिशेबाची करावी, आणि सुरुवात एखाद्या शहरातून न करता वाहिनीच्या टोकाच्या गावातून, अर्नाळ्यातून करावी. तारापूर आणि डहाणू जवळ असूनही जिथे वीज भरवशाची झाली नाही, तिथे ती भरवशाची करून दाखवणारी योजना राज्यात कुठेही चालेल. तसे करून दाखवू शकणाऱ्या कर्जालाच यापुढे मदत म्हणावे. बाकीचे कर्ज हा व्यापार आहे, आणि व्यापाराच्या करारावर सही करताना जी घासाघीस करायची, तीच तिथे करावी.